शेवटच्या तुकड्यावरचं मागणं

साकोलीकडे

भंडारा जिल्ह्यात मी हौसेनं गेले नाही, मला पाठवलं होतं. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. पुण्यात समाजशास्त्र घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि प्रबंधाचा विषय सरांनी ठरवून दिला होता: भातशेती करणाऱ्या गावात घरातले निर्णय कोण घेतं? कोकण माझ्या मैत्रिणीनं आधीच पटकावलं होतं. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट सरकवत सरकवत पार उजव्या टोकाला नेलं आणि म्हणाले, "इथंही भात होतो." मग साठ छापील प्रश्नावल्या हातात ठेवल्या आणि साठच्या साठ भरून आणायच्या अशी तंबी दिली.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा सरांना सोयीचा होता, मलाही होता. भातशेतीचा अभ्यास करायला निघालेल्या आम्हा दोघांनाही भात लावतात कधी, हे कुणाला तरी विचारावं असं सुचलं नाही. पाच वर्षं मी समाज शिकत होते, पण तो वर्गात. व्याख्या, वैशिष्ट्यं, प्रकार, फायदे, तोटे. परीक्षेत मला कधी कुठं अडलं नाही.

नागपूरहून एस.टी. निघाली, भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली आणि लाखनीला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेल्या बांध्या सुरू झाल्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला भाताचा चौकोन. आमच्याकडे पावसाळ्यात शेतात पाणी साचलं की लोक हवालदिल होतात. इथं साचलेलं पाणी बांधीतून निसटू नये म्हणून माणसं फावडी घेऊन धुऱ्यावर उभी होती. लाखनीला गाडी ट्रकांच्या रांगेत अडकली तेव्हा खिडकीतून मी हे बराच वेळ पाहिलं, आणि वहीत "पारंपरिक जलव्यवस्थापन" असं लिहून ठेवलं. तेव्हा मला असले शब्द फार आवडत.

गाव

गावाचं नाव देत नाही. तिथल्या लोकांनी मला जे सांगितलं ते विश्वासानं सांगितलं. साकोलीपासून सायकलनं तासाभराच्या वाटेवर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, वसलेलं गाव, एवढं पुरे.

साकोलीच्या एका शिक्षकांनी माझी सोय दौलतजींच्या घरी लावून दिली होती. दौलतजी पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे शेतकरी. त्यांची थोरली मुलगी कुंदा माझ्यापेक्षा वर्षभरानं लहान. साकोलीच्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन ती नुकतीच बी.ए. झाली होती, तेही पहिल्या वर्गात. मला मदत करायला तीच येणार होती. पहिल्याच दिवशी तिनं मला समूहाची पाच वैशिष्ट्यं धडाधड म्हणून दाखवली. मी पुण्यात पाठ केली होती तीच, त्याच क्रमानं. आम्ही दोघी पोट धरून हसलो.

"ताई, कॉलेजात विज्ञान भेटलं असतं तं मी हे घेतलंच नसतं," ती म्हणाली. "पन मंग दुसऱ्या वर्षाले सरांनं दर्जा अना भूमिका शिकवलं. घरी आली, आईकडं पाहत बसली. मले वाटलं, अरे, हे तं आपल्याच घरचं लिवलं हाय."

तिला नागपूरला एम.ए.ला नाव घालायचं होतं. अर्ज भरून तयार होता, वडिलांची सही तेवढी नव्हती. शेवटची तारीख पुढच्या शनिवारची. दोन महिने तिची आई हा विषय काढत होती आणि विषय निघाला की दौलतजी बैलांना तणस टाकायला उठत. मी ते दोनदा डोळ्यांनी पाहिलं आणि मनातल्या मनात निदानही करून टाकलं: पितृसत्ता.

खाण्याचं सांगायचं तर सकाळी भात, दुपारी भात, रात्री भात. पोळीवाचून माझं अडेल असं वाटलं होतं, पण अडलं नाही. वास्ते म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी मी तिथं पहिल्यांदा खाल्ली आणि तीनदा मागून घेतली. तरोट्याची पालेभाजी, लाखोळीच्या डाळीचं वरण. कुंदाची आई पानात वाढताना विचारायची नाही, पान रिकामं दिसलं की वाढायची. पुण्यात आम्ही पाहुण्याला "अजून घेणार का?" असं विचारून त्याची पंचाईत करतो.

पंचाईत झाली ती कामाची. सकाळी सातला प्रश्नावल्या घेऊन निघावं तर गावात म्हातारी माणसं, तान्ही मुलं आणि कोंबड्या. रोवणी चालू होती. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून चिखलात लावायचे हे दिवस हातचे गेले तर वर्ष गेलं, त्यामुळे अख्खं गाव बांध्यांत. मग मी संध्याकाळी सपरीत, म्हणजे आपल्या ओसरीवर, बसायला लागले. दमलेले पुरुष यायचे, चहा प्यायचे आणि उत्तरं द्यायचे. बाईसाठीची प्रश्नावली असली तरी दारातून आतल्या बाजूला पाहत तोच सांगायचा. ती आतून "हाव", म्हणजे हो, म्हणायची. चार दिवसांत तीस भरल्या. मला वाटलं, वा, काम मार्गी लागलं.

सपरी

गुरुवारी संध्याकाळी एकतिसावी, दौलतजींची पाळी आली. सपरीत सरपंच बसले होते, आणखी दोघे शेजारी होते. मी एकेक प्रश्न वाचत सतराव्यावर आले.

"मुलीच्या शिक्षणाबद्दलचा निर्णय तुमच्या घरात कोण घेतं?"

"मीच घेतो," दौलतजी म्हणाले.

इथं मी थांबायला हवं होतं. पण कुंदा आत चुलीपाशी होती, शनिवार जवळ येत होता, आणि मी पुण्याहून आलेली, वादविवाद स्पर्धेत ढाली मिळवलेली मुलगी. मी पेन खाली ठेवलं.

"मग कुंदाला नागपूरला पाठवायचं की नाही, याचा काय निर्णय घेतलात?"

दौलतजींनी बैलांकडं पाहिलं. उठायला वाट नव्हती, समोर सरपंचांचे पाय पसरलेले होते. सरपंच हसले. "सांगा ना, दौलतजी. बाई लिहून घेऊन राहिल्या."

दौलतजी माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून म्हणाले, "नाई पाठवत. लिवा."

आणि मी लिहिलं. याची मला अजून लाज वाटते. कागद समोर होता, उत्तर मिळालं होतं, हात आपोआप चालला.

आत गेले तर कुंदाची आई माझ्याकडं पाहीना. कुंदा मात्र सरळ पाहत होती. तिचे डोळे कोरडे होते, आवाज तेवढा बसला होता.

"ताई, दोन महिन्यांत बाबांनं एकदाबी नाई म्हनलं नवतं. आई म्हने, ते नाई म्हनत नाईत म्हंजे हाव म्हनाची सवड पाहून राहिले. आज तुमी चार मानसांत इचारलं. आता म्हनून बसले. आता कसे फिरन ते?"

ज्याला मी नकार समजले होते तो नकार नव्हताच. नकार मी करवून घेतला होता, तोही साक्षीदारांसमोर आणि लेखी.

बांधी

दुसऱ्या दिवशी कुंदा माझ्याबरोबर आली नाही. ती रोवणीला गेली. मी तासभर रिकाम्या गावात एकटी फिरले आणि मग तिच्या मागं बांधीवर गेले. माफी मागायची होती, पण माफी मागायला ती एकटी सापडेना. चौदा बायका एका रांगेत वाकून, मागं मागं सरकत रोपं लावत होत्या. पाठीवर कुणाच्या मेणकापड, कुणाच्या पळसपानांचं इरलं. मी धुऱ्यावर छत्री घेऊन उभी.

"काहून वो बाई, धुऱ्यावर उभ्या राहून काय मोजून राहिल्या?" रांगेच्या मधोमध असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं मान न उचलता विचारलं. "बोलाचं असन तं खाली या."

या गिरजाबाई. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या बौद्ध वस्तीतल्या, साठी उलटलेल्या, आणि रोवणीच्या रांगेत सगळ्यांच्या पुढारी. कुणी कुठं उभं राहायचं, कधी थांबायचं, हे त्या सांगायच्या आणि बाकीच्या ऐकायच्या. मी छत्री मिटली, साडी खोचली आणि उतरले. दुसऱ्या पावलाला डावी चप्पल चिखलानं गिळली, तिसऱ्याला मी स्वतः बसले. चौदाजणी हसल्या. कुंदाही हसली, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

गिरजाबाईंनी मला आपल्या आणि कुंदाच्या मध्ये घेतलं. चार रोपं चिमटीत धरायची, अंगठ्यानं चिखलात खोचायची, मागं सरायचं. माझी ओळ दारू प्यायल्यासारखी जात होती. गिरजाबाई आपली लावून माझीही सरळ करत होत्या. हात चिखलात असल्यामुळे लिहिणं शक्य नव्हतं. आणि मी लिहीत नाही हे पाहिल्यावर बायका बोलायला लागल्या.

आठवडाभर मी त्या रांगेत होते. कोणाच्या पोराला कुठली पोरगी, कोणाची म्हैस विकायची, कोणाला दवाखान्यात न्यायचं, गावातले निम्मे व्यवहार तिथं वाकल्या वाकल्या ठरत होते. एकीनं विषय काढायचा, दुसरीनं दोन ओळी पुढं जाऊन उत्तर द्यायचं, तिसरीनं दुपारनंतर पुन्हा उकरायचा. मग, बायका हसत सांगायच्या, सात-आठ दिवसांनी एखाद्या पुरुषाला सपरीत बसल्या बसल्या तेच सुचतं आणि तो निर्णय घेतो.

"मग सपरीत विचारलं तेव्हा सगळ्यांनी मालकाचं नाव का सांगितलं?" मी एकदा विचारलंच.

"तितं तेच सांगाव लागते," गिरजाबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी कोनी इचारलं तं तुमची माय काय सांगन?"

मी विचार केला. माझ्या एम.ए.चं वडिलांनी ठरवलं, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगत आले होते. पण त्याआधीचा महिनाभर आई, मावशी आणि शेजारच्या काकू रोज दुपारी पापड लाटत काय कुजबुजत होत्या, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. पाच वर्षं समाजशास्त्र शिकून मी माझ्याच स्वयंपाकघरात डोकावले नव्हते.

तिथलं सगळंच गोड होतं असं मात्र नाही. दुपारी भाकरतुकडा खायला बायका धुऱ्यावर बसत तेव्हा त्यांचे दोन घोळके होत. गिरजाबाईंच्या वस्तीतल्या एका अंगाला, बाकीच्या दुसऱ्या अंगाला. सकाळपासून गुडघ्याला गुडघा लावून काम केलेल्या बायका. कोणी कोणाला सांगत नव्हतं, आपोआप तसं बसलं जायचं. मी पहिल्या दिवशी कुंदाबरोबर बसले, दुसऱ्या दिवशी मुद्दाम गिरजाबाईंजवळ. तिसऱ्या दिवशी कुंदा आपला डबा घेऊन माझ्यामागं आली. तिच्या काकूनं मान वळवली.

त्या दिवसांत रांगेत सगळ्यात आवडीचा विषय होता जेवणाचा. तिकडं रीत आहे: मालकाच्या रोवणीचा शेवटचा तुकडा राहिला की बायका थांबतात. हातात रोपांच्या पेंढ्या धरून उभ्या राहतात. मालकानं धुऱ्यावर यायचं, बायकांनी मागायचं आणि त्यानं कबूल केलं की मगच तो तुकडा लावायचा. मागणं बहुतेक जेवणाचंच असतं. शेवटच्या तुकड्यावर केलेल्या मागण्याला मालक नाही म्हणत नाही. म्हटलं तर पुढच्या वर्षी त्याच्या बांधीत कोणी उतरायचं नाही. आदल्या साली पाऊस दगा देऊन गेला होता, त्यामुळे जेवण झालंच नव्हतं. दोन वर्षांचं जेवण एकदम वसूल करायचं, असं चाललं होतं. शेवंता नावाची नवी सून होती, ती सकाळ-संध्याकाळ एकच म्हणायची, "बकराच मांगाचा. कोंबड्यानं काय होते?"

कुंदाच्या नागपूरबद्दल मात्र माझ्या देखत कोणी बोललं नाही. मी एकदा काढायला गेले तर गिरजाबाईंनी माझ्या हातात पेंढी कोंबली. "लावा. तुमची ओळ मांगं पडून राहिली."

शेवटचा तुकडा

पुढच्या गुरुवारी दुपारी दौलतजींच्या तलावाखालच्या बांधीत एका खोलीएवढा तुकडा उरला आणि चौदाही जणी ताठ उभ्या राहिल्या. दौलतजी शेजाऱ्याच्या बांधीत चिखल करून देत होते. बैल उभे करून ते धुऱ्यावर आले. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

"बोला," ते म्हणाले. "काय, बकरा?"

"बकरा नाई, कोंबडाबी नाई," गिरजाबाई म्हणाल्या. "औंदा जेवन राहू द्या. कुंदीले नागपूरले धाडा."

दौलतजींचं हसू विरलं. कुंदाच्या हातातली पेंढी पाण्यात पडली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी शेवंताकडं पाहिलं, तिचा ओठ फुगला होता. पण ती म्हणाली, "माह्याबी वाट्याचं धरा जी त्याच्यात."

"मी नाई म्हनलो ना," दौलतजी हळू आवाजात म्हणाले. "सरपंचासमोर म्हनलो. या बाईनं लिवलंबी."

"तुमी म्हनले ते सपरीतलं. हे आमचं मांगनं हाय. शेवटच्या तुकड्यावर मांगलं अना मालकानं नाई म्हनलं, असं या गावात कवा झालं हाय का?"

"तुमच्या वस्तीले काय पडलं हाय कुंदीचं?" हे दौलतजींनी रागानं विचारलं नाही, त्यांना खरोखर कळत नव्हतं.

"माही नात सातवीत हाय," गिरजाबाई म्हणाल्या. "गावातून एक पोरगी गेली का दुसरीले कोनी काहून म्हनून इचारत नाई. पयलीलेच सारे इचारतेत."

पाऊस झिमझिम चालू होता. दौलतजींनी धुऱ्यावरचं गवत पायानं दाबलं, मग माझ्याकडं वळले.

"तितं वसतिगृहात दोन्ही टाइम भात भेटते का?"

मला माहीत नव्हतं. "मिळत असेल," मी म्हणाले.

"असन नाई. जाऊन पाहा अना मले लिवा." मग बायकांकडं पाहून त्यांनी हात हलवला. "रोवा बापा आता. पानी उतरून राहिलं."

तो तुकडा त्यांनी पाव तासात लावला. कुंदाला काही दिसत नव्हतं, ती डोळे पुसायला जायची आणि चिखल डोळ्यात जायचा. तिची ओळ माझ्यापेक्षाही वाकडी गेली, आणि गिरजाबाईंनी पहिल्यांदाच ती सरळ केली नाही.

मी खूप रडले. आनंद होताच, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटत होतं. माझी चूक मला निस्तरता आली नव्हती. ती निस्तरली त्या बायकांनी, आणि मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत.

प्रबंधाचं काय झालं, असं कोणी विचारेल. एकतीस प्रश्नावल्या मी पुण्याला आणल्या आणि सरांना सांगितलं की यातलं सतराव्या प्रश्नाचं एकही उत्तर मला खरं वाटत नाही. रांगेबद्दल वीस पानं लिहिली होती, ती दिली. सरांनी ती चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "यात तक्ते कुठे आहेत?" मला दुसरा वर्ग मिळाला. तक्रार नाही.

नागपूरच्या गाडीत

शुक्रवारी सकाळी साकोलीच्या स्टँडवर दौलतजी आम्हाला सोडायला आले. सही झाली होती. वसतिगृहाचं काही खात्रीचं कळलं नव्हतं म्हणून त्यांनी खांद्यावरून नव्या पोत्यात तांदूळ आणला होता. तो सीटखाली सरकवताना कंडक्टरशी त्यांची हुज्जत झाली आणि त्या हुज्जतीत निरोप घ्यायचा राहूनच गेला. गाडी हलली तेव्हा ते खिडकीशी नव्हते, मागं टपावरचं सामान नीट बांधलंय का ते पाहत होते.

लाखनी गेलं तरी कुंदा खिडकीतून तोंड वळवेना. बाहेर दोन्ही बाजूंना रांगा होत्या, वाकलेल्या, मागं मागं सरकणाऱ्या. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तरी हस. जमलं ना सगळं?"

"ताई, एम.ए.च्या पयल्या वर्षाले नापास किती होतेत?" तिनं विचारलं.

"होतात थोडे. तू कशाला काळजी करतेस? नापास झालं तर पुन्हा बसता येतं."

"तुमाले येते," ती बाहेरच पाहत म्हणाली. "मी चौदा जनीचं जेवन घेऊन जाऊन राहिली."